पेजर वाजला की...

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये माउझलहून न्यूलिनकडे समुद्राच्या कडेने चालत निघालो. वाटेत पेनलीचे जुने बोटघर लागले. १९ डिसेंबर १९८१ च्या वादळी रात्री इंजिन बंद पडलेल्या ‘युनियन स्टार’ जहाजावरील ८ जणांना वाचवायला गावचे ८ स्वयंसेवक इथूनच लाकडी नौका घेऊन गेले. चौघांना घेतल्याचा निरोप आला, मग शांतता. सोळांपैकी कोणीच परतले नाही.

न्यूलिनच्या धक्क्यावर आजच्या बचावनौकेचे स्वयंसेवक दोर आवरत होते. ‘‘भीती नाही वाटत?’’ मी विचारले.

‘‘वाटते ना! पण पेजर वाजला की आधी पळायचे, मग घाबरायचे.’’

त्या दुर्घटनेनंतर दिवसभरातच माउझलमध्ये नव्या तुकडीपुरती माणसे पुढे आली होती. घरच्यांनी ‘जाऊ नकोस’ म्हटलेच असेल. तरी ती आली.