हातपाय बारीक, पोट मात्र पुढे

शिरूर असो की दौंड, वस्तीत वजनाचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते, "आम्ही कुठे जाड? पन्नास-पंचावन्न किलो वजन आमचे." आणि त्याच घरात कुणाला साखर निघते, कुणाला बीपी. काट्यावर वजन कमी म्हणजे अंगात चरबी कमी, हा हिशेब आपल्या शरीराला लागू पडत नाही. हे ज्या अभ्यासातून कळले, तो पुणे जिल्ह्यातच झाला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. (याच रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र आपल्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला आहे.) त्या आयांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये कमी पडले ते स्नायू. कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच होती. पुढे २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के!

म्हणजे पोट सुटले की त्याचा दोष लगेच आळसाला किंवा जिभेला देऊ नये. आईच्या पोटात असताना जे अन्न कमी पडते, त्याची खूण शरीरावर राहते. असे अर्धपोटी वाढलेले शरीर पुढे गोड-तेलकट मिळू लागले की चरबी पोटात आणि यकृतात साठवते, आणि साखरेचा आजार तिथूनच सुरू होतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याचा टेप कामाचा. श्वास सोडून, बेंबीच्या किंचित वर, उघड्या पोटावर मोजावे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या (साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांची ८० च्या (साडेएकतीस इंच) आत हवी.

आता ही चरबी जळते कशी? एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. साठ किलोच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालले तर दीडशेच्या आत-बाहेर खर्च होतात. एका वडापावात मात्र तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे वडापाव पाच मिनिटांत संपतो आणि तो फेडायला तासभर चालावे लागते. नुसत्या चालण्यावर पोट उतरत नाही ते यामुळे. जळालेली चरबी बहुतेक श्वासावाटे वायू होऊन बाहेर जाते, थोडी पाणी होऊन. घामाचा तिच्याशी संबंध नाही. पोटाला प्लॅस्टिक किंवा पट्टा गुंडाळून घाम काढला तर पाणीच जाते, ते दोन तांब्यांत परत येते. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी आधी जाते, असेही नाही.

खरी बचत स्वयंपाकघरात आहे. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप चहा, म्हणजे दहा चमचे, दोनशे कॅलरी. दौंडकडे गुऱ्हाळे भरपूर, म्हणून "आम्ही गुळाचा चहा पितो" असेही ऐकू येते. पण कॅलरीच्या हिशेबात गूळ साखरेचा सख्खा भाऊ आहे. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास पुरवावे. पाच जणांच्या घरात अडीच लिटर. बाजरी-ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही, एक कमी करून तिच्या जागी मटकी, हुलगे, डाळ, अंडे किंवा सुकट वाढावी. प्रथिने मिळाली तर चरबी उतरताना स्नायू टिकतात. नुसते उपाशी राहिले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते आपल्याकडे आधीच कमी.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही, मात्रा ओळखून जेवायला सांगितले. राजाने एका तरुणाला रोज जेवताना ती गाथा म्हणायला ठेवले आणि भात हळूहळू कमी केला. आपल्याकडे ताटाशेजारी मोबाईल असतो!

व्यायामाचे काम स्नायू राखण्याचे आणि साखर आटोक्यात ठेवण्याचे. ऊस तोडणाऱ्या किंवा पोती उचलणाऱ्या माणसाला आणखी चालायला सांगणे ही चेष्टा आहे. त्याला सकस जेवण हवे. पण रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कंपनीत आठ तास एका जागी उभे राहणे थकवते, चरबी फारशी जाळत नाही. अशांनी आठवड्याला दीडशे मिनिटे तरी वेगाने चालावे. आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस आणि भिंतीला टेकून जोर काढावेत. बायकांना अंधारात रस्त्यावर चालणे अवघड जाते. विहाराच्या आवारात पाच-सहा जणींनी मिळून फेऱ्या माराव्यात. महिन्याला कंबर एखादा सेंटिमीटर उतरली तरी चांगले चालले आहे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मात्र जेवण कमी करू नये. त्या सहा खेड्यांत ज्या आया पालेभाज्या, फळे, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळे वजनाने चांगली होती. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जेवणात बदल करावा, नाहीतर साखर एकदम खाली येते. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि बीपी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. जाताना कमरेचे माप कागदावर लिहून न्यावे.