आमच्या बुलेटला मीटर बसवला त्याची गोष्ट



बाईंनी या वेळी ‘घरातले एक यंत्र’ हा विषय दिला. पुष्कळांनी मिक्सर आणि शिलाई मशीन घेतले आहे. मी आमच्या बुलेटवर लिहितो, पण सगळ्या बुलेटवर नाही. तिच्या हँडलजवळ एक बोटभर मीटर बसवला आहे, त्याच्यावर. बॅटरीत किती दम आहे ते तो आकड्यात सांगतो.

आमची बुलेट १९९६ सालची आहे, म्हणजे माझ्या दुपटीहून मोठी. आण्णांनी ती जुनीच विकत घेतली. तिला बटण स्टार्ट नाही, किक मारावी लागते. त्यामुळे मला वाटायचे की बॅटरी फक्त हॉर्नसाठी असते. तसे नाही. या जुन्या बुलेटमध्ये पेट्रोल पेटवणारी ठिणगीसुद्धा बॅटरीच्याच विजेवर तयार होते. बॅटरी गेली की इंजिनही गेले. हे मला गेल्या उसाच्या हंगामात कळले.

तेव्हा आमची आज्जी मिरजेला दवाखान्यात होती. रात्री आठ वाजता मी आणि आण्णा डबा घेऊन जयसिंगपुरातून निघालो. उदगाव मागे पडले, अंकलीचा पूल जवळ आला आणि पुढचा दिवा पिवळा पडला, मग लाल झाला. हॉर्न घोगरा वाजायला लागला. इंजिनने दोन-तीन ठसके दिले आणि गाडी बंद. मागचा दिवाही गेला. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता, त्याला आम्ही दिसतच नव्हतो. आण्णा ओरडले, “कडंला हो! डबा राहू दे!” मी डबा घेऊनच उडी मारली. आण्णांनी गाडी जोरात ओढली. ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस त्यांच्या बाहीला घासून गेला. थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मग गाडी ढकलत एका चहाच्या टपरीजवळ लावली आणि वडापने मिरजेला गेलो. आज्जी दहा वाजता जेवली. उशीर का झाला ते आम्ही तिला अजून सांगितलेले नाही. (आज्जीला वाचता येते, पण ती शाळेत येत नाही.)

दुसऱ्या दिवशी आण्णा मेस्त्रींना म्हणाले, “नवी बॅटरी टाका.” मेस्त्री म्हणाले, “घालतो की! पण आठ दिवसांत ती बी मरंल. आधी चार्जिंग होतंय का बघू.” त्यांनी जुनीच बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी मल्टिमीटरच्या दोन पिना तिच्या टोकांना लावल्या. आकडा आला १२.६. मग गाडी चालू करून रेस दिली. आता आकडा वर जायला हवा होता, कारण इंजिन फिरले की वीज तयार होते आणि बॅटरीत भरली जाते. पण तो खाली गेला, १२.१. म्हणजे बॅटरी नुसती देत होती, तिला परत काही मिळत नव्हते. वायरी शोधत गेल्यावर इंजिनकडून येणाऱ्या वायरीचा कपलर जळून काळा झालेला सापडला. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या आमच्या जयसिंगपूरच्या गल्ल्या सरळ आखलेल्या आहेत, पण जुन्या गाडीच्या वायरी तशा नसतात. शोधायला दीड तास गेला. नवा कपलर घातला आणि रेस दिली, तर आकडा १३.९!

आता तुम्ही विचाराल, गाडीवर काही खूण नव्हती का? होती. जुन्या बुलेटच्या दिव्यावरच्या डोक्यात एक छोटा काट्याचा मीटर असतो, तो अँपियरचा. बॅटरीत वीज जात असली तर काटा एका बाजूला आणि बॅटरीतून निघत असली तर दुसऱ्या बाजूला झुकतो. चावी लावून किक हळूहळू दाबली की हा काटा हलतो, आणि त्यावरून कुठे थांबून जोरात किक मारायची ते जुन्या लोकांना कळते. पण आमच्या गाडीचा काटा मधोमध अडकून बसला होता. आण्णांना वाटे, मधे आहे म्हणजे सगळे ठीक आहे. अडकलेला काटा आणि ठीक असलेला काटा सारखाच दिसतो, हा त्याचा मोठा दोष आहे असे मला वाटते.

शिवाय काटा चांगला असता तरी बॅटरी किती भरलेली आहे ते त्याने सरळ सांगितले नसते. वीज कुठे जाते आणि किती जाते एवढेच तो दाखवतो. बॅटरीचा दम बघायला व्होल्टचा मीटर लागतो. व्होल्ट हे नाव इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञावरून पडले. त्याने १८०० साली पहिली बॅटरी केली. गाडीत असते तशी शिशाची आणि आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या प्लांटे याने १८५९ साली केली. आमच्या बॅटरीत असे सहा कप्पे आहेत. भरलेला एक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून सहांचे मिळून १२.६.

आपल्या शिरोळ तालुक्यात हे समजायला सोपे आहे. पावसाळ्यात सगळे विचारतात, “आयर्विनला किती फूट?” सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. फरक पाचच फुटांचा, पण २०१९ चा महापूर बघितलेल्याला तो काय ते सांगावे लागत नाही. बॅटरीचे तसेच आहे, फक्त इथे पाणी उतरण्याची भीती असते. गाडी काही तास उभी असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आकडा शून्यावर येईल तेव्हा बघू, असे म्हणून चालत नाही. गाडी रेसवर असताना १३.५ ते १४.५ हवेत. १५ च्या वर गेला तर तेही वाईट, कारण बॅटरी तापते आणि तिच्यातले पाणी उडून जाते.

आण्णांनी दीडशे रुपयांचा आकड्यांचा मीटर आणला. आई म्हणाली, “दुरुस्ती झाली, आता हे कशाला?” आण्णा म्हणाले, “तो ट्रॅक्टर आठवतोय म्हणून.”

बसवताना मी टॉर्च धरली होती. मीटरला दोन वायरी असतात. काळी आम्ही गाडीच्या सांगाड्याला जोडली, कारण आमच्या बॅटरीची काळी बाजू सांगाड्याला आहे. (काही फार जुन्या परदेशी गाड्यांत उलटे असते, तेव्हा आधी बघावे.) तांबडी सरळ बॅटरीला जोडायची नाही, चावीच्या पुढे जोडायची. आण्णांनी मला याचे गणित घातले. मीटर २० मिलिअँपियर वीज घेतो असे धरू. सतत चालू राहिला तर दिवसाला ०.४८ अँपियर-तास जातील, आणि ५ अँपियर-तासांची बॅटरी दहा-अकरा दिवसांत रिकामी होईल. म्हणजे राखणदारच धान्य खाणार! चावीच्या पुढे जोडला की चावी बंद, मीटर बंद. तांबड्या वायरीत एक अँपियरचा फ्यूज घातला, म्हणजे वायर कुठे घासली तरी जळणार नाही. पाऊस आत जाऊ नये म्हणून मागून सिलिकॉन लावले.

मग मल्टिमीटरशी ताडून पाहिले. बॅटरीवर १२.६ असताना आमचा मीटर १२.४ दाखवतो. जुनी चावी आणि लांब वायर यांत थोडे व्होल्ट हरवतात. तेवढे मनात धरायचे.

मी महिनाभर वहीत आकडे लिहिले. एक गोष्ट पहिल्यांदा कळली नाही. सिग्नलला गाडी हळू फिरत असताना दिवा लावला तर आकडा १२.२ वर येतो. मी घाबरलो. मेस्त्री हसले आणि म्हणाले, “जुनी बुलेट हाय बाळा, रेस कमी तर वीज कमी.” रेस दिली की परत १३.८. तेव्हा उभ्या गाडीचा आकडा बघून घाबरायचे नाही. रेस देऊनही वर चढत नसेल तर मात्र सरळ मेस्त्रींकडे.

मीटरचा आणखी एक फायदा कुणी सांगितला नव्हता. आण्णा चावी चालूच ठेवून दुकानात जायचे, त्यामुळे बॅटरी उतरायची आणि कॉईलही तापायची. आता तांबडे आकडे चमकताना दिसतात आणि मी ओरडतो.

परवा सकाळचा आकडा १२.४ होता, म्हणजे खरा १२.६. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आण्णा मल्टिमीटर घेऊन शाळेच्या फाटकाजवळ थांबणार आहेत. ज्या पालकांना आपल्या गाडीची बॅटरी मोजून बघायची असेल त्यांनी गाडी घेऊन यावे. येताना चावी विसरू नये.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी