काळी चारची पांढरी चार होते तेव्हा

अमेरिकेतल्या घरातली वीज सेकंदाला ६० आवर्तने करते, भारतातली ५०. इस्त्रीला किंवा दिव्याला या फरकाचे सुखदुःख नसते, जुन्या टर्नटेबलला मात्र असते. त्या काळातल्या बहुतेक यंत्रांची मोटर विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरते. त्यामुळे कुणीतरी परदेशातून आणलेले ६० आवर्तनांचे यंत्र आपल्याकडे लावले, की त्याची गती एक षष्ठांशाने घटते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी जेमतेम २८ होतात. स्वर तीन अर्धस्वरांहून थोडे अधिकच खाली येतात. काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारमध्ये, तेही किंचित उतरलेले ऐकू येते आणि लय तेवढीच रेंगाळते. २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर जोडला म्हणजे भागले, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तने नाही. खरा उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली एक पंचमांशाने जाड करून घेणे. लेथवर होणारे हे काम सुई बसवलेल्या महागड्या काट्रिजच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि तरीही सुधारणांच्या चर्चेत त्याचा नंबर शेवटी लागतो. जुन्या टर्नटेबलची सुधारणा किमतीच्या क्रमाने न करता आपल्या तबकड्यांच्या गरजेच्या क्रमाने करावी, असे माझे म्हणणे आहे. आपल्या तबकड्यांची गरज अमेरिकी किंवा जपानी शौकिनाच्या गरजेहून बरीच वेगळी आहे.

ही गोष्ट बेंगळुरूच्या चामराजपेटच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. १८९२ मध्ये वसवलेली आणि दहावे चामराज वडेयर यांचे नाव लाभलेली ही वस्ती जुन्या पेटांना, म्हणजे बाजारपेठांना, आणि किल्ल्याला लागून आहे. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहरात मराठी बोलणाऱ्यांचा वावर आहे, आणि पेटांच्या गल्ल्यांतून भावसारांची व देशस्थांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. चामराजपेटच्या श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासून चालू आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानातल्या मांडवात त्याच्या मैफली होतात. श्रुती किती महत्त्वाची, हे या वस्तीला कुणी सांगायला नको. शिवाय दुरुस्तीला लागणारे जवळपास सगळे इथून हाकेच्या अंतरावर आहे. कपॅसिटर, वायर, स्विच यांसाठी एस. पी. रोड, मोटारींच्या सुट्या भागांसाठी कलासीपाळ्य आणि जे. सी. रोड, तर जुनी यंत्रे आणि तबकड्या शोधायला चिकपेटच्या बाजूचा रविवारचा बाजार. ज्या शहरात एचएमटीने यंत्रे घडवली आणि बीईएलने रेडिओचे व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर बनवले, तिथे सूक्ष्म मापाचे काम करणारा हात मिळणे अवघड नसावे. ज्या वस्तूला परदेशी पुरवठादाराची वाट पाहावी लागते असे आपण मानतो, तिचा मोठा भाग अशा शहरात गल्लीतच दुरुस्त होऊ शकतो.

दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे थोडे तपशिलात पाहू. गॅरार्ड, लेन्को, ड्युअल या घराण्यांची जुनी यंत्रे बहुधा रबरी चाकावर चालतात. मोटरचा दांडा चाकाला फिरवतो आणि चाक प्लॅटरला. यंत्र गतीच्या खटक्यावर तसेच ठेवून वर्षानुवर्षे बंद राहिले, की दांड्याने दाबलेल्या जागी रबराला खळगा पडतो. मग प्रत्येक फेरीला धपधप ऐकू येते आणि लोक मोटरला दोष देतात. रबर कडक झाले असेल तर त्याची कड लेथवर हलकेच घासून घेता येते, किंवा चाकावर नवे रबर बसवता येते. तीस-चाळीस वर्षांत ग्रीस मेणासारखे घट्ट होते आणि लिव्हर हलेनाशा होतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढून नवे लावायचे. वरून तेल सोडणे ही तात्पुरती मलमपट्टी ठरते. मधल्या बेअरिंगचे जुने तेल पुसून ताजे घालायचे. स्विचवरचा ठिणगी शोषणारा कपॅसिटर जुना असेल तर तो न तपासता बदलावा, कारण तो थेट विजेच्या लाइनवर असतो आणि तिथे सुरक्षिततेचा दर्जा असलेलाच लागतो. दोन पिनांचा प्लग काढून धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्यावे. एवढे झाल्यावर यंत्र जे वाजवते, ते पुष्कळदा ‘आता हे विकून चांगले घ्यावे’ हा विचार मागे टाकायला पुरेसे असते. याच ठिकाणी एक इशारा. ज्या अल्कोहोलने यंत्र स्वच्छ होते, त्याने लाखेची तबकडी विरघळते. ती बाटली लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांपासून दूर ठेवावी.

आणि मुद्दा खरे तर त्या ७८ चाच आहे. पश्चिमेकडे ही गती पन्नासच्या दशकात मागे पडत गेली. आपल्याकडे साठच्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात त्या गतीवर निघाली. मराठी नाट्यसंगीत, भावगीत, अब्दुल करीम खाँचे खयाल आणि ठुमऱ्या हे सगळे सव्वातीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूंत बसवलेले संगीत आहे. करीम खाँची ध्वनिमुद्रिका गदगमध्ये ऐकून भीमसेन जोशी घर सोडून निघाले, ही कथा मराठी-कन्नड सीमेच्या दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. अशा संग्रहाचा मालक जेव्हा ‘दर्जा वाढवतो’ तेव्हा हमखास काय होते? १९७९ चे टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ हे यंत्र गतीच्या स्थैर्याचा नमुना मानले जाते, आणि ते आहेही. पण त्यात ७८ ची सोय नाही. आजच्या बहुतेक मध्यम किमतीच्या नव्या यंत्रांतही ती नसते. म्हणजे महाग यंत्र घरी येते आणि संग्रहाचा जुना अर्धा भाग मुका होतो. साधे चार गतींचे, लाकडी पेटीतले गॅरार्ड इथे सरस ठरते, आणि हे निव्वळ जुन्याच्या मायेने मी म्हणत नाही. गती तपासायलाही साधी युक्ती आहे: ५० आवर्तनांच्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० पट्ट्या असलेली कागदी चकती स्थिर दिसली पाहिजे, ७८ साठी ७७ पट्ट्यांची. मात्र दिवा निऑनचा किंवा साध्या बल्बचा हवा. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली ही खूण पटत नाही.

यानंतर सुईचा विचार. एलपीची चर बारीक असते, तिला सुमारे १८ मायक्रॉनची सुई लागते. ७८ च्या रुंद चरीला ६५ ते ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर ठेवली तर ती चरीच्या तळाशी रखडते आणि गाण्याऐवजी खरखरच जास्त ऐकवते. जुन्या पेटी-प्लेअरांत क्रिस्टल काट्रिज असे. त्यातले रोशेल क्षार दमट हवेला टिकत नाहीत, म्हणून मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यांनी ही काट्रिजे मारली तशी बेंगळुरूच्या हवेने कदाचित मारली नसतील. तरी आज त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. चुंबकी काट्रिज दीड-दोन ग्रॅमच्या भारावर चालते, पण त्यासाठी आर्म सहज हलला पाहिजे. स्प्रिंगने तोललेल्या, घट्ट सांध्याच्या आर्मवर महाग काट्रिज चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. अशा यंत्रावर सिरॅमिक काट्रिज आणि नवी सुई एवढेच योग्य. आर्म चांगला असेल तर दोन हेडशेल ठेवावीत, एक एलपीसाठी, एक ७८ साठी. चुंबकी काट्रिजला फोनो प्रीअँप लागतो, आणि त्यातली आरआयएए ही स्वरसंतुलनाची पद्धत १९५४ पासूनची आहे. त्याआधीच्या तबकड्या तिच्यातून वाजवल्या की वरचे स्वर दबतात, म्हणून वेगळ्या संतुलनाची सोय असलेला प्रीअँप ही ७८ च्या संग्राहकासाठी चैन मानू नये.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा की, हे सगळे संगीत आता डिजिटल रूपात सापडते, मग यंत्राशी झुंजायचे कशाला? आक्षेप खरा आहे आणि डिजिटल प्रतींनी रसिकांवर उपकारच केले आहेत. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने, सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या तबकड्यांची माहिती जमवली नसती, तर आपल्याला काय हरवले हेही कळले नसते. पण डिजिटल प्रत म्हणजे कुणीतरी एकदा केलेली निवड असते: कोणती गती, कोणत्या जाडीची सुई, किती खरखर पुसायची. सुरुवातीच्या काळातल्या तथाकथित ७८ च्या तबकड्या प्रत्यक्षात बरोबर ७८ वर कापलेल्या नसत. पट्टी चुकीची वाटली तर फाइलची गती संगणकावर बदलता येते, पण सुईची निवड आणि पुसलेली खरखर परत फिरवता येत नाही. चरीची वरची कड झिजली असेल तर वेगळ्या जाडीची सुई तिच्या न झिजलेल्या भागातून स्वर काढू शकते. हे काम संगणकावरच्या फाइलकडून होत नाही. मूळ स्वर नीट ऐकू पाहणाऱ्या अभ्यासकाला दुरुस्त यंत्र म्हणूनच हवे.

दुसरा आक्षेप मूळपणाच्या पुरस्कर्त्यांचा. यंत्र कारखान्यातून आले तसेच ठेवा, असे ते म्हणतात. त्यांच्या चिंतेला मी मान देतो, कारण हौसेने भोके पाडलेले, रंग फासलेले सांगाडे बाजारात पुष्कळ दिसतात. पण मूळ वायरच्या कुजलेल्या वेष्टनातून झटका बसत असेल, तर ती जपण्यात इतिहासाचा मान राखला जात नाही. मर्यादा एवढीच घालावी की केलेला बदल पुढच्या माणसाला परत फिरवता यावा. नव्या भोकाऐवजी जुन्या भोकात बसणारा स्क्रू वापरावा, आर्म बदलायचा झाला तर वेगळ्या लाकडी पट्टीवर बसवावा. उतरवलेली पुली, जुने रबरी चाक, मूळ काट्रिज हे पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवावे, आणि त्यावर तारीख, बदललेल्या भागाचे नाव व मोजलेली गती लिहावी.