दाताचे दुखणे : सकाळपर्यंत थांबावे की रात्रीच निघावे?

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, देणगीदारांची नामावली आणि विश्वस्त मंडळाचे निवेदन यांच्या जोडीने आरोग्यविषयक एक लेख देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो बहुधा डॉक्टर मंडळी लिहितात. यंदा ही जबाबदारी माझ्याकडे आली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. निदान आणि औषधयोजना हा माझा प्रांत नव्हे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते दंतविभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊन आणि त्यांच्याकडूनच तपासून घेऊन लिहिले आहे. मात्र केसपेपरच्या खिडकीमागे वर्षानुवर्षे बसलेल्या माणसालाही काही गोष्टी दिसत असतात. छातीत दुखू लागले की माणूस घरच्यांना घेऊन धावत येतो. दात दुखू लागला की तो लवंगेचे तेल शोधतो, औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणतो आणि थांबतो.

या थांबण्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. विठ्ठलवाडीच्या परिसरातील पुष्कळशी माणसे पहाटेची गाडी पकडून मुंबईला कामास जातात आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास परततात. तोवर दंतवैद्यांचे दवाखाने बंद झालेले असतात. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांतील कारागीर किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार यांची एक सुट्टी म्हणजे एका दिवसाचा रोज गेला. त्यात दाताने कोणी मरत नाही, ही समजूत. ही समजूत आजच्या काळापुरतीसुद्धा पूर्ण खरी नाही आणि पूर्वी तर मुळीच नव्हती. सतराव्या शतकात लंडन शहरात दर आठवड्याला मृत्यूंची छापील यादी निघत असे व तीत मृत्यूचे एक कारण म्हणून ‘दात’ अशी स्वतंत्र नोंद असे. दात येताना दगावलेली तान्ही मुलेही त्या सदरात धरली जात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. परंतु दाताच्या मुळाशी झालेला पू प्राणावर बेततो, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते. प्रतिजैविके आल्यानंतर ती भीती ओसरली आणि भीतीबरोबर सावधगिरीही ओसरली.

डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की रात्री दोन वाजता कोणत्या दातासाठी घराबाहेर पडावे? त्यांचे उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. ते म्हणाले, ठणका किती आहे हे पाहू नका, सूज कुठे आहे आणि कुठवर चालली आहे ते पाहा.

त्याचे कारण असे. कीड दाताच्या आतील नसेपर्यंत पोहोचली की ती नस सुजते. दात हा चारी बाजूंनी कठीण असल्यामुळे सुजेला पसरण्यास जागा नसते. म्हणून तो असह्य ठणका, जो आडवे झाल्यावर अधिकच वाढतो. काही दिवसांनी नस मरते आणि ठणका एकाएकी थांबतो. रुग्णाला वाटते, गोळी लागू पडली. प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाडात आणि तेथून जबड्याभोवतीच्या पोकळ जागांत शिरू लागलेले असतात. दुखणे थांबले आणि दोन दिवसांनी गाल किंवा हनुवटीखालचा भाग सुजला, हा क्रम बरे होण्याचा नाही.

खालच्या दाढांची, विशेषतः शेवटच्या दोन दाढांची मुळे जबड्यात अशा ठिकाणी असतात की तेथील पू जिभेच्या खाली आणि मानेच्या वरच्या भागात उतरू शकतो. तेथे दोन्ही बाजूंनी सूज आली की जीभ वर आणि मागे ढकलली जाते व श्वासाची वाट अरुंद होत जाते. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली या विकाराचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. हा विकार काही तासांत बळावतो. हनुवटीखाली लाकडासारखी टणक सूज, तोंड दोन बोटांइतकेही न उघडणे, थुंकी गिळता न येऊन लाळ गळणे, तोंडात गरम घास धरल्यासारखा आवाज, आडवे झाल्यावर गुदमरणे आणि ताप, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. अशा वेळी दंतवैद्याचा छोटा दवाखाना पुरेसा नसतो. भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि प्राणवायूची सोय असलेले रुग्णालयच गाठावे लागते. रुग्णाला आडवे न निजवता बसवून आणावे. राज्यभर चालणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठी बोलावता येते. दाताच्या दुखण्यासाठी रुग्णवाहिका कशी बोलवायची, हा संकोच येथे नसावा.

वरच्या दातांची सूज दुसऱ्या दिशेने जाते. वरचा सुळा किंवा पुढचे दात यांचा पू गालातून डोळ्याच्या खालपर्यंत चढतो. डोळा सुजून मिटू लागला, एकाच्या जागी दोन दिसू लागले, डोके प्रचंड दुखून उलट्या होऊ लागल्या तर हा जंतुसंसर्ग मेंदूच्या दिशेने निघाला असण्याची शक्यता असते.

मधुमेही रुग्णांनी हे अधिक गांभीर्याने घ्यावे. पुष्कळदा त्यांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसते. आमच्याकडे एक कारागीर पाच दिवस दुकानातून गोळ्या आणून घेत होता; सहाव्या दिवशी रात्री त्याला भावाने आणले तेव्हा मानेपर्यंत सूज उतरली होती आणि रक्तातील साखर कितीतरी वाढलेली निघाली. त्याचा मधुमेह त्या रात्री प्रथम कळला. तो वाचला, परंतु जे काम सुरुवातीला एका खुर्चीवर अर्ध्या तासात झाले असते त्यासाठी अतिदक्षता विभाग लागला. हिशेबाचा माणूस म्हणून मला त्याच्या बिलाचे दोन्ही आकडे, झालेला आणि टळू शकला असता तो, शेजारी शेजारी मांडून पाहण्याचा मोह आवरला नाही. पाच दिवसांचा रोज वाचवायला निघालेल्या माणसाचा दीड महिना गेला.

येथे औषधाच्या दुकानाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. प्रतिजैविक गोळ्यांनी सूज उतरते, परंतु पूचा उगम, म्हणजे मेलेली नस, दाताच्या आत तशीच राहते. रक्तपुरवठाच उरला नसल्याने तेथवर औषध पोहोचत नाही. पू बाहेर काढणे आणि त्यानंतर मुळाची नलिका साफ करणे अर्थात रूट कॅनाल, अथवा दात काढणे, हाच त्यावरचा इलाज. सुजेवर बाहेरून गरम शेक देऊ नये. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्याने हिरडी भाजते, दात बरा होत नाही. मिश्री किंवा तंबाखू दाबून धरल्याने घटकाभर बधिरता येते एवढेच. आणि गुटख्याची बाब त्याहून वाईट. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कोठे मिळते हे वाचकांस माझ्याहून अधिक ठाऊक असेल. गुटखा व सुपारी यांनी गालाचे अस्तर ताठ होऊन तोंड कायमचे कमी उघडू लागते. अशा माणसाच्या घशाशी सूज आली तर भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी वाटच सापडत नाही.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे वळतो. त्याविषयी लिहिताना मला माझ्या घरचीच गोष्ट सांगावी लागेल. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझा धाकटा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा, क्रिकेट खेळताना तोंडावर आपटला आणि त्याचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला. मी तो उचलला, नळाखाली घासून लख्ख धुतला, स्वच्छ रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. जवळच्या दवाखान्यात काय होणार, असा विचार करून मुलाला घेऊन विठ्ठलवाडी स्थानकावर आलो व मुंबईची गाडी पकडली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारे ५६ किलोमीटर. तेथील दंतवैद्यांसमोर मी रुमाल उघडला तेव्हा त्यांनी दात हातात घेतला, मुळाकडे पाहिले आणि किती वेळ झाला एवढेच विचारले. अडीच तास झाले होते. मी केलेली प्रत्येक गोष्ट काळजीपूर्वक केली होती आणि त्यांतील प्रत्येक चुकीची होती.

दात हिरडीत सिमेंटने बसविलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचे जिवंत आवरण असते. दात निखळला तरी या आवरणाच्या पेशी मुळावर काही काळ जिवंत असतात. त्या जिवंत असतानाच दात जागी बसविला तर तो पुन्हा धरतो. कोरड्या हवेत त्या अर्ध्या तासात मरू लागतात आणि तासाभराने फारशा उरत नाहीत. मी त्या नळाखाली घासून काढल्या आणि उरलेल्या रुमालात वाळविल्या.

काय करावयास हवे होते, ते आता मला पाठ आहे. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर विसळावा, घासू नये. मूल शुद्धीवर असेल व सहकार्य करीत असेल तर दात त्याच जागी हलकेच बसवून रुमाल चावून धरावयास सांगावे. ते धाडस होत नसेल तर थंड दुधाच्या पेल्यात दात टाकावा. दुधात त्या पेशी काही तास तग धरतात. दूध नसेल तर मुलाची थुंकी पेल्यात घेऊन तीत दात ठेवावा. साध्या पाण्यात भिजत ठेवू नये. आणि सर्वांत जवळचा दंतवैद्य गाठावा. दात जागी बसवून शेजारच्या दातांना तारेने बांधणे कोणत्याही नोंदणीकृत दंतवैद्याला जमते. मोठ्या रुग्णालयाकडे नंतरही जाता येते. धनुर्वाताच्या लसीची चौकशीही त्याच वेळी करावी. हे सारे पक्क्या दातापुरतेच. दुधाचा दात निखळला तर तो परत बसवीत नाहीत, कारण खाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताला त्यामुळे इजा होऊ शकते.

जबडा मोडण्याची बाब याच्या उलट आहे. मोटारसायकलवरून पडल्यावर दात एकमेकांवर नीट बसेनात, ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, तर जवळच्या छोट्या दवाखान्यात वेळ न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालयच गाठावे. परंतु रुग्ण बेशुद्ध झाला असेल, त्याला उलट्या होत असतील किंवा कानातून रक्त येत असेल तर दात व जबडा मागाहून. आधी डोक्याची तपासणी.

दात काढल्यानंतरच्या रक्तस्रावाने घरची मंडळी फार घाबरतात. पहिल्या दिवशी थुंकी लालसर असणे स्वाभाविक आहे. गॉजची घट्ट घडी जखमेवर ठेवून वीस ते तीस मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, चावून धरावी. थुंकू नये, चुळा भरू नयेत. एवढे दोनदा करूनही रक्त तोंडात साचत राहिले तर निघावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, यकृताचा विकार असेल किंवा डेंग्यूचा ताप असेल तर तेवढीही वाट पाहू नये. मात्र त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

एक दुखणे दाताचे वाटते, परंतु दाताचे नसते. जिना चढताना किंवा गाडी पकडण्यासाठी धावताना खालचा जबडा दुखू लागतो, थांबल्यावर कमी होतो, सोबत घाम येतो किंवा दम लागतो. तपासले तर दात धड. ते दुखणे हृदयाचे असू शकते. अशा रुग्णाने दंतविभागाच्या रांगेत बसू नये, थेट आपत्कालीन कक्षात यावे.

उरलेले बरेचसे सकाळपर्यंत थांबू शकते. दाताचा कपचा उडणे, भरलेले सिमेंट निघणे, टोपी सैल होणे, दात काढल्यावर तिसऱ्या दिवशी जखमेत सुरू होणारा ठणका यांसाठी दुसऱ्या दिवशी यावे. पोटात आम्लपित्त किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तोवर कोणती वेदनाशामक गोळी चालेल ते विचारून घ्यावे. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम रात्री धावत दाखविण्याची नसली तरी पुढच्या महिन्यावर टाकण्याचीही नाही. गरोदर भगिनींनी दातातील पू अंगावर काढू नये. तातडीचे उपचार कोणत्याही महिन्यात करता येतात, फक्त गरोदरपणाची कल्पना डॉक्टरांना द्यावी.

कोठे जावे, हा प्रश्न मला खिडकीवर नेहमी विचारला जातो. उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. पुढे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. केवळ दातांच्या मोठ्या उपचारांसाठी मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय, तसेच १९३३ साली सुरू झालेले नायर दंत महाविद्यालय आहे. मात्र वर सांगितलेल्या घशाच्या सुजेत किंवा निखळलेल्या दातासाठी या दूरच्या वाटेला निघू नये. स्थानकाबाहेर पेटी मांडून बसणाऱ्यांकडे दात काढून घेऊ नये, हे १९४८ चा दंतवैद्य कायदा होऊन इतकी वर्षे लोटल्यावरही लिहावे लागते.

पैशांअभावी थांबणाऱ्यांसाठी एक माहिती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू असलेल्या योजनेखाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. आणीबाणीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी न अडवता रुग्णास दाखल करून घेणे व प्राथमिक उपचार देणे हेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला हाताशी असल्यास आणावा, नसल्यास रुग्णाला आधी आणावे. कागद नातेवाइकांनी दुसऱ्या दिवशी दिले तरी चालतात. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे मात्र त्याच रात्री सोबत हवीत, कारण ‘लाल रंगाची छोटी गोळी’ एवढ्या वर्णनावरून रात्रपाळीच्या डॉक्टरांना काहीच ठरविता येत नाही.