एमबीबीएसचा पसंतीक्रम भरताय? जरा थांबा!

काल बीडच्या एका नेट कॅफेत पाहिलं. नीटला छान मार्क, तरी पोराचं पहिलं पसंतीचं कॉलेज अंबाजोगाई. मुंबईचं केईएम, पुण्याचं बी.जे. यादीतच नाहीत! म्हणे, "वर मोठी नावं टाकली आन् खालचं हुकलं तर?"

हुकत नाही, बाबांनो. जागावाटपात आधी मेरिट बघतात, मग तुमची यादी वरून खाली. वरचं मिळालं नाही तर पुढचं तपासतात. म्हणून कटऑफच्या नव्हे, मनाच्या क्रमानं भरा. गेल्या वर्षीचा कटऑफ फक्त अंदाजासाठी.

आणखी एक. ७०:३० ची प्रादेशिक अट (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकीच्यांना) २०२० मध्ये गेली. सरकारी कॉलेजांतल्या राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांवर आता विभागाची भिंत नाही. मुंबई-पुणं आपल्या मराठवाड्यालाही खुलं. उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे (एमसीसी) वेगळी नोंदणी लागते. ती बरेच जण विसरतात.

अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) कॉलेज मात्र कमी लेखू नका. आजूबाजूच्या खेड्यापाड्यांतले पेशंट तिथंच येतात, हात लवकर बसतो. माझ्या यादीत ते खासगी कॉलेजांच्या कितीतरी वर असतं, फीमुळं तर नक्कीच.