उताऱ्याचे रंग

संगणकाचा सारा व्यवहार ज्या आज्ञांवर चालतो, त्या माणसाला पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. हजारो ओळींपैकी दहा-वीस ओळींचा उतारा टर्मिनलवर, म्हणजे केवळ अक्षरांतून बोलणाऱ्या पडद्यावर, आणून पाहण्याचा प्रसंग तर नित्याचाच. त्या ओळी निरनिराळ्या रंगांत दिसल्या की डोळ्यांचे श्रम वाचतात. पण हे रंग येतात कोठून, आणि त्यांवर विश्वास किती ठेवावा?

रंग उमटवण्याची युक्ती सोपी आहे. मजकुरातच एक अदृश्य खूण मिसळावयाची: २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ हे चिन्ह, मग चौकटी कंस, एक अंक व शेवटी ‘एम’ हे अक्षर. अंक ३१ असेल तर पुढील अक्षरे तांबडी, ३२ असेल तर हिरवी. ० म्हणजे सारे पूर्ववत. अशा खुणांचे ‘एक्मा-४८’ हे मानक प्रथम १९७६ साली निघाले.

कोणत्या शब्दास कोणता रंग द्यावा, हे ठरवणे मात्र अवघड. त्यासाठी रंग देणारा प्रोग्राम पहिल्या अक्षरापासून मजकूर वाचीत जातो आणि शब्दांची जात लावतो: हा भाषेचा राखीव शब्द, ही संख्या, ही टीप. टीप माणसासाठी असते. यंत्र ती वगळते. ‘सी’ या भाषेत तिरपी रेघ व तारका या जोडीने टीप सुरू होते आणि उलट जोडीने संपते. मध्ये ओळी कितीही असोत.

समजा, जुन्या दोनशे ओळी कोणी अशा टिपेत कोंडून रद्द केल्या आहेत. त्यांतील मधल्या दहा ओळी आधी कापल्या व मग रंगवल्या, तर टिपेच्या आरंभाची खूण मागेच राहते, आणि रद्द झालेल्या आज्ञा चालू आज्ञांच्या रंगात झळकू लागतात. एखाद्या आदेशाची नक्कल, त्यावरील ‘रद्द’ हा शेरा वगळून, शिक्का मारून द्यावी, तसेच हे. साधा मजकूर वाचकास संशय तरी घेऊ देतो. रंग त्याला खोटी खात्री देतो.

म्हणून आधी मजकूर आरंभापासून वाचावा, रंग ठरवावेत, आणि मगच उतारा कापावा. २०१८ साली निघालेला ‘बॅट’ हा प्रोग्राम असेच करतो; मागितलेल्या ओळींच्या आधीच्या ओळी तो दाखवीत नाही, पण वाचतो. उताऱ्यातील ओळींना मूळ फायलीतलेच क्रमांक द्यावेत. शेवटी पूर्ववत करणारी खूण घालावी. नाही तर पुढील मजकूरही त्याच रंगात उमटतो. आणि उतारा पडद्याऐवजी दुसऱ्या फायलीत जाणार असेल, तर रंगाच्या खुणा गाळाव्यात. तेथे त्यांचा निव्वळ कचरा होतो.

वाचकाने मात्र उताऱ्यावरून निर्णय करण्यापूर्वी, तो कोठून आणि कसा कापला आहे, एवढे विचारण्याची सवय ठेवावी.