गॅस गीझर आणि न्हाणीघरातील हवा

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी आता गॅसचा गीझर बसविला आहे. नळ सोडताच गरम पाणी मिळते, चुलीवरचा हंडा उचलावा लागत नाही, सकाळची शाळा-कॉलेजची आणि कामावर जाण्याची घाई निभावते. ही सोय सोडून द्या असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. परंतु थंडीच्या दिवसांत न्हाणीघरात गुदमरून कोणी दगावल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा वाचणारे "गॅस गळाला असेल" एवढे म्हणून पान उलटतात. गॅस थेंबभरही गळाला नसताना असा मृत्यू होऊ शकतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. गॅस पेटला की तेही जळून जाते. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही तर गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने ठसका लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक सहजतेने जोडला जातो व प्राणवायूची जागा अडवून बसतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. काहीतरी बिघडले आहे हे कळते, तोपर्यंत उठून कडी काढण्याइतकी ताकद उरलेली नसते.

आता थोडा हिशेब करू. आम्हा बँकेतल्या माणसांना त्याशिवाय चैन पडत नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी तापविणारा गीझर तासाला सुमारे १ किलो गॅस जाळतो. १ किलो गॅस पूर्ण जळण्यास साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे पाव तासाला ३ घनमीटर. आपल्याकडचे न्हाणीघर ४ फूट रुंद, ६ फूट लांब व ८ फूट उंच धरले तर त्यात सगळी मिळून साडेपाच घनमीटरांच्या आत हवा मावते. दार-खिडकी बंद असेल तर पाव तासात निम्म्याहून अधिक हवा गीझरच वापरतो. विषारी वायू तयार होण्यास एवढाही वेळ लागत नाही. प्राणवायू थोडा घटला की ज्योत बिघडू लागते. पुष्कळ गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात, त्यावर लोक विसंबतात. वरील हिशेब पाहता २० मिनिटे फार झाली.

घराच्या मंजूर नकाशात न्हाणीघराला झरोका असतोच. गृहकर्जाच्या कागदांत आम्ही तो नेहमी पाहतो. प्रत्यक्ष घरात गेल्यावर दिसते की डासांसाठी किंवा थंडीसाठी त्यावर प्लायवूड ठोकलेले आहे, नाहीतर काचेच्या पट्ट्या चिकटपट्टीने बंद केल्या आहेत.

सर्वांत उत्तम म्हणजे गीझर न्हाणीघरात ठेवूच नये. तो ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणावा. प्लंबरचा खर्च थोडा वाढतो, तो वाढू द्यावा. हे शक्यच नसेल तर धुराची नळी असलेला गीझर घ्यावा. ही नळी धातूची असावी. प्लॅस्टिकचा पाइप उष्णतेने वितळतो. ती गीझरच्या तोंडापेक्षा अरुंद नको, वळणे कमीत कमी हवीत आणि तिचा चढ वरच्या दिशेने हवा. तिचे टोक उघड्या हवेत निघावे. इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये ते सोडले तर आपला धूर वरच्या शेजाऱ्याच्या खिडकीतून त्याच्या घरात जातो, ही गोष्ट सोसायटीच्या बैठकीत मांडण्यासारखी आहे.

नळी असली तरी हवा आत येण्याची वाट लागतेच. एक उघडी जागा खाली, दाराच्या तळाशी, आणि एक वर, छताजवळ, अशा दोन वाटा असाव्यात. खालून ताजी हवा येते, वरून गरम हवा जाते. नुसता एक्झॉस्ट पंखा पुरत नाही. हवा आत येण्यास फटच नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? उलट तो नळीतला धूर परत खोलीत ओढू शकतो. ज्योत निळी आहे ना, हे अधूनमधून पाहावे. पिवळी झाली किंवा काजळी धरू लागली तर बर्नर साफ करून घेईपर्यंत गीझर लावू नये.

आपली कित्येक मुले-मुली शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहतात. तेथील गीझर घरमालकाचा, खोलीत चौघे-पाचजण, आणि एकामागून एक सर्वांच्या आंघोळी. शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत खराब हवा येते. गीझर हलविणे त्यांच्या हाती नाही. पण दार उघडे ठेवून बादली भरणे, गीझर बंद करणे, न्हाणीघरात मोकळी हवा खेळू देणे आणि मगच दार लावून आंघोळ करणे त्यांना जमण्यासारखे आहे. शॉवरचा मोह तेवढा आवरावा लागेल. असा गीझर बदलून द्यावा म्हणून घरमालकाला पालकांनी स्वतः सांगावे. विद्यार्थ्याचे बोलणे तो बहुधा मनावर घेत नाही.

आत गेलेले माणूस हाकेला उत्तर देत नसेल तर दार तोडण्यास मागेपुढे पाहू नये. तोडणाऱ्याने श्वास रोखून आत जावे, माणसाला ओढून उघड्या हवेत आणावे. दुसऱ्याने सिलिंडर बंद करून खिडक्या उघडाव्यात व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातपाय झटकल्यामुळे फिट आली असे समजून मिरगीचे औषध सुरू झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून गॅस गीझर चालू होता हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड भिनलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते व आकडा ९८ दिसतो. तो पाहून घरी थांबू नये. खरे काय ते रुग्णालयातील रक्ततपासणीतच कळते.